भावजी, तुमचा कर्नल माणूसघाणा आहे

सोमवार, दुपार

भावजी,

हा असला खडूस कॉम्प्युटर आमच्या गळ्यात बांधून तुम्ही निघून गेलात, त्याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. सुचलं की वेगळं पत्र टाकीन. दुकानात नवं भरतकामाचं मशीन येऊन बसलंय. चार माणसांनी घाम गाळून आत आणलंय, दाराची एक पट्टी उखडलीय. त्याची वायर तुमच्या कॉम्प्युटरला लावली की मशीनवरचा हिरवा दिवा लागतो, मशीन बिचारं अंग सावरून तयार होतं, आणि कॉम्प्युटर ढिम्म. कोण आलं, कुठून आलं, बस म्हणावं, काही नाही. वायर काढून परत लावली, ढिम्म. दुसऱ्या भोकात लावली, ढिम्म. तुमच्या दादांनी कात्रीच्या मुठीने त्याच्या डोक्यावर टकटक केलं, तरी हूं नाही की चूं नाही. शेवटी मी चिडून घरात जे जे यूएसबीचं होतं ते एकेक करून खुपसून बघितलं. वरच्या मजल्यावरून माउस मागून आणला, समोरच्या औषधवाल्याकडून पेनड्राइव्ह आणला. कुणालाच ओळख दाखवली नाही त्याने. एवढा तोरा आपल्या मोठ्या आत्यांनीसुद्धा कधी दाखवला नव्हता, आणि त्या तर सख्ख्या भाचीला ‘तू कुणाची ग?’ विचारायच्या.

हां, रीतीचं राहून गेलं. चि. भावजींना वहिनीचा आशीर्वाद. तब्येत बरी असेल असं धरून चालते. पाठ दुखायची ती थांबली का? थांबली नसणार, खुर्चीत अर्धे आडवे होऊन बसायची सवय तुमची. वेळेवर जेवत जा. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं पुढे लिहायचं असतं, पण आम्ही मजेत नाही, तर ते लिहीत नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘बघतो वहिनी’ म्हणता आणि ठेवून देता, आणि मध्येच दादांचं नाव काढलं तर तुमची मीटिंग सुरू होते. कागदाला मीटिंग सांगता येत नाही. म्हणून चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर लावत बसायची वेळ आलीय तुमच्यावर. बसा.

तर मशीन आलं कसं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल वहिनीला खूळ लागलं. मी नाही आणलं. तुमच्या दादांनी आणलं. (परत वाचून बघा, अक्षर चुकलेलं नाही.) ज्या माणसाने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला विचारलं होतं की तुझ्या कॉम्प्युटरने जन्मात एक टाका तरी घातलाय का, त्याच माणसाने एका बंद पडलेल्या कारखान्यातून स्वतः जाऊन, स्वतः पसंत करून ते आणलंय. तुम्ही बसवून दिलेलं ते जुनं छोटं मशीन, ज्याची जाडी वायर स्क्रूने आवळावी लागते, त्यावर मी गणवेशांवर नावं काढत होते तेव्हा हे त्या कोपऱ्याकडे बघतसुद्धा नव्हते. आणि आता हे. कारण असं आहे भावजी, की यांचा उजवा हात थरथरतो. दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला काही नाही, फक्त बारीक काम विसरा. बारीक काम विसरायचं तर यांनी लक्षात काय ठेवायचं, ते नाही कुणी सांगितलं. सुई ओवायला बसतात, एकदा चुकतं, दुसऱ्यांदा चुकतं, मग ओरडतात की माझा चष्मा कुठे ठेवलास. चष्मा नाकावर असतो. मी उठते आणि कपाटात शोधते. काय करू?

त्यातच बँडमास्तर आले. लांबलचक मिशांचे ते, तुम्ही बघितलेत, कोटाची मापं घेताना पोट आत ओढून धरतात आणि कोट घट्ट झाला की आपल्याशी भांडतात. त्यांच्या सगळ्या बँडला नवे कोट हवेत. खिशावर ट्रम्पेट, कॉलरवर आणि कफवर सोनेरी वेल. मी डोळ्यांनी खूण करत होते की नाही म्हणा, पण तुमच्या दादांनी ऑर्डर घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मशीन आणायला गेले. रात्री जेवताना एवढंच बोलले की हे जमलं तर जमलं, नाहीतर बँडवाल्यांची ऑर्डर परत करू आणि दुकान आवरू. ताटाकडे बघून बोलले. आता सांगा, मला कॉम्प्युटरचं वेड लागलंय की काय म्हणून मी दुपारचं जेवण टाकून त्याच्यासमोर बसलेय? तुमच्या त्या डबड्याने ओळख दाखवली तर हा माणूस कामात राहणार, नाहीतर खिडकीत बसून रस्ता बघणार. आणि रस्त्यात बघण्यासारखं काहीही नाही, सांडपाण्याचं झाकण आहे एक.

आता दोष कुणाचा? दादांशी भांडण झालं त्या दिवशी संध्याकाळी, बॅग भरून झाल्यावर, तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसून काहीतरी उलथापालथ करत होतात. मी विचारलं काय चाललंय, तर तुम्ही म्हणालात, वहिनी, नवी वस्तू जोडली की आपोआप ओळखायची जी सोय असते ना, ती कर्नलमधून काढून टाकतोय, आज जे जोडलेलं आहे तेवढंच ठेवतो, कॉम्प्युटर हलका चालेल. (कर्नल म्हणजे सगळ्याच्या आतला गाभा, बाकी सगळं त्याच्या हुकमाने चालतं, हे तुम्ही मला पूर्वी सांगितलं होतं, ते मी विसरलेले नाही.) आणि वर म्हणालात, नाहीतरी या घरात नवीन काही यायचं नाहीये. मी मान हलवली. मला काय कळत होतं, मला वाटलं तुम्ही धूळ काढताय. म्हणजे भावजी, राग दादांवर, आणि काढलात कुणावर, तर कर्नलवर! दारात उभं राहून ‘या या’ म्हणणाऱ्या माणसाला घरी पाठवून दिलंत आणि त्या दिवशी आत जे बसले होते त्यांचीच तोंडं कर्नलला पाठ करायला लावलीत. असा सूड कुणी घेतो का? दुसऱ्या घरातला दीर असता तर त्याने दोन भांडी आपटली असती आणि विषय संपला असता.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. चांगला इस्त्रीचा शर्ट घालून आला, पडदा चालू केला, काळ्यावर पांढरी अक्षरं बघून दोन पावलं मागे सरकला. हे कुणी बसवलं, म्हणाला. म्हटलं दिरांनी. तर म्हणाला, मग दिरांनाच बोलवा, असल्यात आम्ही हात घालत नाही. आणि चहा मात्र प्यायला. दोन कप.

मग मी वरच्या मजल्यावरच्या टायपिंगवाल्या बाईंना खाली आणलं. त्यांचा क्लास बंद पडलाय, पण बोटं नाही बंद पडलेली. इंग्रजी कसलंही समोर ठेवा, खडाखडा वाचून शब्दाला शब्द मराठीत सांगतात, फक्त त्याचं करायचं काय असं विचारायचं नाही, तो त्यांचा प्रांत नाही. शिवाय वाचताना स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा मोठ्याने म्हणतात, जन्मभर डिक्टेशन दिल्याची सवय. सुरुवात कुठून करायची ते मला माहीत होतं. वरचा बाण दाबला की तुम्ही शेवटी शेवटी काय काय टाइप केलं होतं ते एकेक उलटं परत येतं. (तुम्हीच दाखवलं होतं. तेव्हा मी जांभई देत होते म्हणून तुम्हाला वाटलं माझं लक्ष नाही.) तेच चालवलं, आणि कर्नलने प्रश्न विचारायला सुरुवात केली. काय हो हे प्रश्न! मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा इतकं विचारत नाहीत. हे ठेवू का, ते ठेवू का, अमक्याची सोय हवी का, तमक्याची हवी का. उत्तरं तीनच. वाय म्हणजे घरात घ्या, एन म्हणजे दार लावा, एम म्हणजे बाहेर बाकड्यावर बसवून ठेवा, काम पडलं की हाक मारू. आणि मदत मागितली की प्रत्येक प्रश्नाखाली सल्ला असतो, खात्री नसेल तर एन म्हणा, पूर्णविराम. हा सल्ला मला फार पटला. खात्री नसेल तर नाही म्हणा, हे मी दारावर येणाऱ्या सगळ्या विक्रेत्यांच्या बाबतीत आयुष्यभर पाळत आलेय, त्यासाठी मला कर्नलची गरज नव्हती. मला खात्री कशाचीच नव्हती. तेव्हा एन. एन. एन. बाईंच्या करंगळीला इतका जोर आला की पुढे पुढे मी तोंड उघडायच्या आत एन उमटायचा. एकदा मी ‘हो’ म्हणतेय तोवर त्या पुढच्या पानावर होत्या.

एवढं करून बंद-चालू केलं तर पडद्यावर भरभर अक्षरं आली आणि थांबली. बाईंनी वाचलं, कर्नल पॅनिक. म्हटलं, याला कसली घाबरगुंडी उडालीय? घाबरायचं मी, बँडच्या कोटांसाठी आणलेल्या सोनेरी रिळांच्या पेट्या माझ्या डोक्यावर आहेत. तर निघालं असं, की नकाराच्या भरात आम्ही त्याच्या स्वतःच्या डिस्कलासुद्धा नाही म्हणून बसलो होतो. म्हणजे ज्या खुर्चीवर बसायचं ती खुर्चीच ओळखेना. घाबरेल नाहीतर काय करेल. कॉम्प्युटर चालू होताना जी यादी येते तिच्यात तुमचा जुना कर्नल अजून होता म्हणून निभावलं, तो निवडला आणि गाडी जागेवर आली. (जुना शाबूत ठेवायची अक्कल तुम्हाला होती, हे मी मान्य करते. एवढंच मान्य करते.)

दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, मरू दे तो कंजूषपणा, सगळ्यांना हो म्हणा. बाईंना ते पटेना, खाली छापील सल्ला एन असताना वाय दाबणं त्यांच्या बोटांना जड जात होतं, पण दाबलं. भावजी, कोण कोण आलं घरात! हौशी रेडिओवाले आले, कॉम्प्युटरवरचे गेम खेळायच्या दांड्या आल्या, टीव्हीची कार्डं आली, जगात उरलेत की नाही माहीत नाही असले प्रिंटर आले. बाई प्रत्येक वेळी मला भक्तिभावाने विचारायच्या, हे आहे का हो तुमच्याकडे? मी म्हणायचे, नाही, पण येऊ देत. मग आमच्या उत्तरांवरून नवा कर्नल रचायचं, ते कंपाइल का काय म्हणतात ते सुरू झालं, दिवसभर पंखा घुं घुं करत होता, पडद्यावर मुंग्यांची रांग, आणि शेवटी एकच ओळ. जागा नाही. सगळ्या गावाला जेवायला बोलावलं आणि बसायला कुठे ठेवलंय! बाई म्हणाल्या, मी आता वर जाऊन पडते.

आणि आज सकाळची गोष्ट. तिसरी खेप. मी ठरवलं, तुमची जुनीच उत्तरं तशीच ठेवायची आणि फक्त यूएसबीच्या भागात हात घालायचा. तुमचे दादा दुकानातल्या कापडी पडद्यामागे कापड कापत होते. (कापत नव्हते. खडूने रेघ मारून पुसत होते.) दोन्ही खेपांना त्यांनी एक शब्द काढला नव्हता. बाई वाचत होत्या, वस्तू कॉम्प्युटर चालू असताना जोडली किंवा काढली तरी स्वल्पविराम कर्नलने ती आपणहून ओळखावी स्वल्पविराम अशी सोय हवी असल्यास, आणि पडद्यामागून आवाज आला, थांबा. ते परत वाचा. बाईंनी परत वाचलं, स्वल्पविरामांसकट. हे बाहेर आले, हातात खडू तसाच. म्हणाले, याला हो म्हणा. मग विचारलं, हे बंद कुणी केलं होतं? मी म्हटलं, तुमच्या भावाने. जाताना. मला वाटलं आता परत पडद्यामागे जातील, तर स्टूल ओढून बसले. मग मशीन नेमकं कोणत्या जातीत मोडतं यावर आमचं अडलं. मी म्हणत होते प्रिंटर, बाई म्हणत होत्या कीबोर्ड (त्यांना सगळंच कीबोर्ड वाटतं), तर हे म्हणाले, तो कारखानेवाला सांगत होता, कॉम्प्युटरला हे मशीन पेनड्राइव्हसारखं दिसतं, नक्षी त्यात टाकायची की ते शिवतं. मी म्हटलं हे आठवडाभर का नाही सांगितलंत? म्हणाले, मला कुणी विचारलं? आणि मग, भावजी, खडू बोटात फिरवत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, तो असता तर एका चहात झालं असतं. नाव नाही घेतलं. पण दुरुस्तीवाल्याबद्दल बोलत नव्हते, तो तर दोन कप पिऊन गेला होता.

तर पेनड्राइव्हवाल्यांना वाय म्हटलं, आपोआप ओळखणाऱ्याला वाय म्हटलं, यूएसबीच्या बाकीच्या दोन-चार अनोळखी लोकांना बाकड्यावर बसवलं, आणि कंपाइलला लावलं. ते आत्ता चालू आहे. त्याच्या शेजारी बसूनच मी हे लिहितेय, पंखा घुं घुं करतोय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. बाई डुलकी काढतायत. हे चौथ्यांदा येऊन विचारून गेले, झालं का? मी म्हटलं, भात नाही तो, झाकण काढून बघायला.

झालं तर झालं. न झालं तर तुम्ही निमूटपणे निघून या, कारण गाठ तुम्ही मारलीय, मी नाही. आणि झालं तरी तुमच्यावरचा राग काही लगेच जायचा नाही, हे लक्षात असू द्या. मुलांना माझे पापे. तुमच्या बायकोला सांगा, तिने पाठवलेली सुती चादर फार छान आहे, तिच्या नवऱ्यापेक्षा कामाची.

तुमची
वहिनी

ता. क. सोमवार, संध्याकाळ. झालं! यांनी स्वतः वायर लावली, आणि पडद्यावर कुणी काही न दाबता ओळी उमटल्या. बाई खडबडून जाग्या होऊन निकाल वाचावा तशा ओरडल्या, नवी वस्तू सापडली, पूर्णविराम! तुमच्या कर्नलने आमच्या एवढ्या मोठ्या मशीनला डिस्क म्हटलंय, म्हणू दे, ओळख तर दाखवली. यांनी वायर काढली. परत लावली. परत ओळखलं. परत काढली. मी म्हटलं अहो झिजेल ती, तर म्हणाले, बघतोय फक्त. कारखानेवाल्याने मशीनबरोबर दिलेल्या नक्षीत एक ट्रम्पेट होतं, ते चिंधीवर काढलं. इतकं सुबक आलंय की बँडमास्तर आता पोट सोडून उभे राहतील. यांनी ती चिंधी घडी करून वरच्या खिशात ठेवलीय. थरथरणारा हात मशीनवर टेकवून उभे होते, मशीन आधीच हलत असल्यामुळे काही कळत नव्हतं. बरं दिसत होतं.

ता. क. दुसरं. म्हणजे आता वरचं सगळं पत्र खोटं पडलं, पण मी ते फाडणार नाही, दुपार घालवलीय त्यात. आणि तुम्हाला ते लागूच आहे. खरं लिहायचं ते एवढंच की कॉम्प्युटरसाठी तुमची गरज राहिलेली नाही. तेव्हा कॉम्प्युटरसाठी येऊ नका. नुसते या. चार दिवस. नुसतं यायला संकोच वाटत असेल (तुम्ही दोघे भाऊ एकाच मातीचे, कारण हातात असल्याशिवाय दार वाजवणार नाही), तर कारण देते. कॉलरवरची वेल यांना कारखानेवाल्याची नकोय, स्वतःची हवीय, आणि ती कागदावर आहे, मशीनमध्ये कशी घालायची ते आम्हाला कुणालाही येत नाही. बँडमास्तरांना मी सांगितलंय की वेल काढणारे कारागीर बाहेरगावी आहेत, येतील.

ता. क. तिसरं. हे मागे उभे राहून वाचतायत. ‘मी बोलावलंय असं लिहू नकोस’ म्हणाले, तर तसं मी लिहीत नाही. ‘त्याचं खरं होतं असंही लिहू नकोस’ म्हणाले, तेही लिहीत नाही. फक्त गाडी कुठली आणि किती वाजता पोचते ते विचार म्हणाले. मी म्हटलं, स्टँडवर मी जाईन घ्यायला. तर म्हणाले, तुझे गुडघे दुखतात.

(आता पाणी प्यायला आत गेलेत, तेवढ्यात घाईने लिहिते.) पत्राने उत्तर पाठवत बसू नका. शनिवारच्या आत फोन करा, आणि माझ्या मोबाइलवर नाही, दुकानाच्या फोनवर. तो मी उचलत नाही.